अंगावरची लेक

"लाव," उल्कान म्हणाली, आणि लाल मिरचीच्या वाटणाची बशी तिने सुनेच्या गुडघ्याशी सरकवली.

जिपार तेव्हा पाळण्यावर ओणवी होती. आमच्या मेंढपाळांच्या डोंगरी मुलुखातला लाकडी पाळणा जमिनीलगत असतो, बाळाला त्यात पट्ट्यांनी पक्कं बांधतात, आणि पाजायचं तर आईनेच गुडघे टेकून वरून वाकायचं. आदिल तसा बांधलेला, डावीकडे पीत होता. उजवीकडे, आईच्या काखेखालून डोकं घालून, कुंदुझ. ही थोरली. दोन वर्षांची व्हायला आलेली, पायात लाल रबरी बूट, आणि एक हात पाळण्यात घालून भावाचा कान धरलेला. पिताना तिला कुणाचा तरी कान लागायचा. आधी आईचा धरायची, आता भावाचा.

"आई, यांचं होऊ दे," जिपार म्हणाली. "मग बघते."

उल्कान बशी तिथेच ठेवून गेली. 'मग बघते' म्हणजे काय, हे तिला आता चांगलं ठाऊक झालं होतं.

तसं पाहिलं तर उल्कानचं चुकतंय असं गावात कुणीच म्हटलं नसतं. पाठीवर भावंड आलं की थोरल्याचं अंगावरचं तोडायचं, ही रीतच आहे. त्यासाठी आईच्या छातीला मिरची लावतात, काजळी लावतात, शेळीचे केससुद्धा चिकटवतात. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा चोखायला देतात. उल्कानने तोही देऊन पाहिला होता. कुंदुझने तो मनापासून चोखला, बोटं चाटली आणि वर दूध प्यायला आईकडे आली. शेजारची बुबुश मावशी रोज दारातूनच विचारायची की आज गाईला वासरं दोन की एक? धाकट्याच्या तोंडचं थोरली पळवते आणि पोरगा काडीसारखा राहणार, असं तिचं ठाम मत होतं. आदिलच्या मांड्यांना वळ्या पडल्या तरी मावशीने मत काही बदललं नाही.

जिपार कुणालाच उत्तर देत नसे. ती सून होती. सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नाही, डोक्यावरचा रुमाल ढळू द्यायचा नाही, सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची, हे सगळं ती बिनतक्रार पाळायची. फक्त मिरची लावत नसे. बशी उचलून स्वयंपाकघरात न्यायची आणि संध्याकाळच्या रश्श्यात ओतायची. जेवताना पहिल्याच घोटाला उल्कानला कळायचं की आपली मिरची कुठे गेली. ती डोळे पुसायची आणि जेवायची. हट्टीपणात दोघी एकमेकींना पुरून उरणाऱ्या होत्या.

आणि हट्ट नुसत्या दुधाचा नव्हताच. घरातलं पहिलं मूल आजी-आजोबांचं, असं आमच्यात असतं. कुंदुझ जन्मली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ही माझी. म्हणजे अंगावरचं सुटलं की पोर त्यांच्या अंथरुणात जाणार, आजीला आई म्हणणार, आणि जन्म देणारीला वहिनी. यात कुणी वाईट वाटून घेत नाही, निदान बोलून दाखवत नाही. पुढे थंडीच्या तोंडावर सासरे गेले. उल्कानचं अंथरूण अर्धं मोकळं झालं. त्या मोकळ्या जागेवर तिने एक लहानशी उशी शिवून ठेवली. जिपार रोज अंथरूण घालताना ती उशी उचलायची आणि होती तिथे परत ठेवायची.

नवरा एसेन रशियात बांधकामावर होता. फोनवर म्हणायचा, आईचं मन मोडू नको, बाबांचा शब्द आहे तो, आणि पोर जाते कुठे, घरातच तर असेल.

घरातच! एसेनचा थोरला भाऊ साबीर असाच घरात वाढला होता. उल्कानचा हा पहिला मुलगा, पण तो तिच्या सासूने आपल्या कुशीत घेतला. आता चाळिशी उलटली, ट्रक चालवतो, याच गल्लीत राहतो, आणि सख्ख्या आईला अजून वहिनी म्हणतो. जिपार लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की हा सासूचा दीर. बुबुश मावशीने खरं काय ते सांगितलं तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. कुंदुझ झाली आणि जिपारचं ते हसू मावळलं.

तेव्हापासून तिचं एकच गणित होतं. पिते तोवर माझी. पोटात आदिल असताना दूध पाणचट झालं, बोंडं चिरली, अंगावर काटा यायचा, तरी तिने कुंदुझला दूर केलं नाही. आदिल झाल्यावर पान्हा असा फुटला की दोघांना पुरून ओढण्या भिजायच्या. सगळं अंग दुखायचं, झोप नावाला नव्हती. पण दोघं पिताना कुंदुझ भावाचा कान धरायची, आणि जिपारला वाटायचं, वाकून वाकून पाठ मोडली तरी चालेल.

मग ती चहाची गोष्ट घडली.

आमच्याकडे चहाची वाटी कधी काठोकाठ भरत नाहीत. अर्धीच भरायची, संपली की पुन्हा अर्धी. जितकी कमी भरावी तितका मान जास्त, कारण माणसाने बसावं, परत मागावं, परत बोलावं. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि वाटेला लागा. लहान मुलालाही हे कळतं. त्या सकाळी जिपार बसल्या जागी पेंगत होती. मांडीवर एक, खांद्यावर एक, हातात किटली. तिने सासूची वाटी भरली ती भरतच राहिली. चहा काठाला लागला तेव्हा कुठे तिला जाग आली.

उल्कानने त्या वाटीकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. सगळा चहा प्यायली, वाटी पालथी घातली आणि उठली. जिपारने तोंड उघडलं होतं, झोपेत झालं म्हणायला, पण उल्कान बाहेर जाऊन साबीरला हाका मारत होती.

डोंगरावरच्या कुरणाकडे कूच करायला अजून अवकाश होता. वरचं गवत नुसतं कोवळं होतं. तरी उल्कानने त्याच दिवशी तंबूचे जाड लोकरी नमदे गुंडाळले, लाकडं बांधली, पातेली एकात एक घातली. बुबुशला सांगितलं, बाळंतिणीला सोबत कर, चाळीस दिवस पुरे व्हायचेत तिचे. दुसऱ्या सकाळी जिपार आदिलला पाजत होती तेव्हा अंगणात ट्रक सुरू झाला. कुंदुझ मघाशीच अंगणात गेली होती, ट्रकच्या चाकांशी खेळत. जिपारच्या लक्षात आलं. तिने बाळाच्या तोंडातून छाती सोडवली आणि धावली.

उंबरठ्यापर्यंत धावली, आणि तिथेच थांबली.

चाळीस दिवस व्हायच्या आत ओल्या बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नसतो. बाळाला बाधतं. आणि कूच निघाल्यावर मागून हाक मारायची नसते. जनावरांना बाधतं. लहानपणापासून अंगात मुरलेल्या या दोन गोष्टींनी तिचे पाय आणि तोंड एकदमच धरून ठेवले. ट्रकच्या खिडकीत सासूच्या मांडीवर लाल बूट दिसले. पोर हसत होती. तिला ट्रकमध्ये बसायला मिळालं होतं ना. फाटकातून ट्रक वळला आणि गेला.

दुपारपर्यंत जिपारची उजवी छाती दगडासारखी झाली. दुसऱ्या दिवशी ताप भरला. बुबुश मावशीने कोबीचं पान आणलं, दह्याचा लेप आणला, आणि म्हणाली की घट्ट कापड बांध, दोन-तीन दिवसांत आटेल, सगळ्यांचं आटतं. जिपारने कापड बांधलं नाही. कुंदुझच्या पिण्याच्या वेळा तिला पाठ होत्या. सकाळी उठल्याबरोबर, कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर, दुपारी झोपताना, पडली-झडली की. त्या त्या वेळी ती वाटी घेऊन बसायची आणि कळा सोसत दूध पिळून काढायची.

"अगं, पण दूध टिकवतेस कुणासाठी हे?" मावशीने न राहवून विचारलं.

"कुंदुझसाठी."

"ती वर आहे बाई. पोरं दोन दिवस रडतात, तिसऱ्या दिवशी विसरतात."

रडण्याचं जिपारला भय नव्हतं, भय त्या तिसऱ्या दिवसाचं होतं. काढलेलं दूध ती मागच्या सफरचंदाच्या झाडाखाली ओतायला मावशीजवळ द्यायची. आईचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून.

साबीर पीठ-मीठ न्यायला खाली आला तेव्हा तिचा ताप उतरला होता. तो अंगणातूनच बोलला, बाळंतिणीच्या घरात तो येणार नव्हता. जिपार उंबरठ्याच्या आत उभी राहिली. तिने विचारलं की कुंदुझ कशी आहे. साबीर पोत्याला गाठ मारत म्हणाला, "वहिनी म्हणाली, बरी आहे. शांत झालीय म्हणाली."

शांत झालीय, हे ऐकल्यावर जिपारने दाराची चौकट धरली. नंतर जे बोलली ते या घरात ती कधी बोलली नव्हती, दिराशी तर नाहीच.

"भाऊजी, मला वर न्या."

साबीरने गाठ अर्धी सोडली. चाळीस व्हायचेत तुझे, म्हणाला. वहिनी मला फाडून खाईल, म्हणाला. आठवडाभर थांब, मग बघू.

"आठवड्याने ती मला ओळखेल, पण माझी राहणार नाही," जिपार म्हणाली. "तुम्ही आईला वहिनी म्हणता, भाऊजी. मी कुणाला दोष देत नाही. पण मला माझ्या पोरीची वहिनी व्हायचं नाही. तुम्ही नेलं नाही तर मी चालत येईन."

साबीरने पोत्याची गाठ पुन्हा आवळली. मग ते पाठीवर घेऊन ट्रककडे गेला. जाताना म्हणाला, "पाळणा आण बाहेर. मागे नीट बांधावा लागेल."

बुबुश मावशीने डोक्याला हात लावला. असं कुणी करतं का, देवाला तरी भी, उद्या पोराला काही झालं तर गाव मलाच धरेल, असं सगळं ती एका दमात बोलली. आणि बोलता बोलताच चुलीतली काजळी बोटाला लावून आदिलच्या कपाळावर ओढली, दुपट्यात पोळीचा तुकडा खोचला, पाळण्याच्या उशीखाली लहान सुरी सरकवली आणि स्वतःची लोकरी शाल काढून जिपारच्या छातीवरून करकचून गुंडाळली. "वर गारठा असतो," ती म्हणाली. "जा मर एकदाची."

घाटाची वळणं संपून पठार लागल्यावर साबीर बोलला, तेही रस्त्याकडे बघत. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी आईचं नाव विचारलं, तर त्याने आजीचं सांगितलं होतं. बाकी सगळ्या पोरांनी आईचं सांगितलं तसं. "वहिनी दारात उभी होती. माझा कोट घेऊन आली होती, मी घरी विसरलो होतो. तिने ऐकलं असणार." गिअर टाकून म्हणाला, "कोट घातला मला, बटणं लावली आणि गेली." एवढं सांगून त्याने खिडकीची काच वर केली आणि बाळाला वारा लागतोय का विचारलं.

तंबू ओढ्याच्या कडेला उभा होता. दुपार कलली होती, मेंढ्या लांब उतारावर होत्या. ट्रक थांबला आणि जिपारने कान दिला. आतून कुठलाच आवाज नव्हता. पोर ट्रकचा आवाज ऐकून धावत आली नाही, रडली नाही, काही नाही. विसरली, जिपारच्या मनात आलं. मावशी म्हणाली तसंच झालं. तिने आदिलला उराशी धरलं आणि दारावरचा नमदा बाजूला केला.

उल्कान अंथरुणावर भिंतीला टेकून बसली होती. बंडीची बटणं उघडी, आणि तिच्या सुकलेल्या, ओघळलेल्या छातीला तोंड लावून कुंदुझ पडली होती. एका हाताने आजीचा कान धरलेला. पोर ओढत होती, काही येत नव्हतं म्हणून सोडत होती, तोंड वेडंवाकडं करून रडू पाहत होती, आणि आवाज निघत नव्हता. रडून रडून घसा पार बसला होता. मग पुन्हा ओढत होती. उल्कानचे डोळे मिटलेले होते आणि दातांवर दात होते. दात आलेलं पोर कोरड्या छातीला कसं लागतं ते जिपारला सांगायला नको होतं.

दारातून उजेड आला तशी उल्कानने डोळे उघडले. तिने सुनेला पाहिलं, सुनेच्या हातातलं बाळ पाहिलं, पाठीमागे उभा असलेला साबीर पाहिला. बंडी सावरायचा हात वर आला आणि तसाच राहिला.

"मला वाटलं, येईल थोडं," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना येतं म्हणतात कधी कधी."

कुंदुझने मान वळवली. आईला बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवून आजीच्या बंडीत खुपसलं. रुसली होती. जिपार तिला घ्यायला गेली नाही. समोर नमद्यावर बसली, शाल सोडली आणि आदिलला डावीकडे घेतलं. वाटेत तोही भुकेला झाला होता, घटाघटा पिऊ लागला. उजवीकडून दूध आपसूक ठिबकायला लागलं, ओढणी भिजली, मांडीवर डाग पडला. जिपारने तिकडे हात लावला नाही. बघत राहिली.

लाल बूट आधी हलले. मग कुंदुझ आजीच्या मांडीवरून उतरली, मुद्दाम लांबचा वळसा घेत चुलीकडून आली, आणि आईकडे न बघता तिच्या काखेखालून डोकं घातलं. पहिल्याच ओढीला जिपारच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं, इतकं दुखलं. थोड्या वेळाने पोरीचा हात वर आला आणि चाचपत चाचपत भावाच्या कानापाशी थांबला.

तंबूत नुसता पिण्याचा आवाज होता. जिपारने वाटेत मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं, आवाज न चढवता. ती उन्हाळाभर इथंच राहील. गायींच्या धारा काढील, दही लावील, जे पडेल ते करील. कुंदुझ स्वतःहून सोडेल तेव्हा सोडेल. आजीच्या अंथरुणात झोपायचं तर खुशाल झोपू दे, ती लहानशी उशी जिपार स्वतः त्यांच्या अंथरुणावर ठेवील.

"पण ती मला आई म्हणेल. तुम्हाला आजी म्हणेल. आई, तेवढं मी सोडणार नाही." मग तिला आठवलं. "आणि त्या दिवशीची वाटी झोपेत भरली होती मी. तुम्हाला जा म्हणायचं नव्हतं."

उल्कान एकेक बटण लावत होती, ती बोटांना सापडत नव्हती. शेवटी बोलली ती सुनेकडे बघून नाही.

"मला डेअरीवर कामाला पाठवलं होतं तेव्हा. परत आले तर हा सासूबाईंच्या अंथरुणात." साबीर दाराशीच होता, त्याचं नाव तिने घेतलं नाही. "माझ्या अंगावर दूध होतं. त्यांच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेले. आतून त्या म्हणाल्या, तुला दुसरी होतील. दुसरी झालीही. मी कापड बांधलं." शेवटचं बटण लागलं. "मी उंबरठ्यावरून परत फिरले, जिपार. तू नाही फिरलीस."

दोघं पीत होती.

मग उल्कान उठली. चूल सुनेची असते, चहा सून ओतते, म्हातारी बसून पिते. पण उल्कानने स्वतः किटली उचलली, दूध घातलं, मीठ घातलं, आणि पहिली वाटी सुनेपुढे ठेवली. वाटी अर्ध्याहूनही कमी भरलेली होती, तळाला चहा नि वर सगळं रिकामं. एवढा मान आमच्यात लग्नातल्या व्याह्यांनाही मिळत नाही. जिपारचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून उल्कानने ती वाटी तिच्या ओठांना लावली.

दुसरी वाटी साबीरची. तो दारात उकिडवा बसून प्यायला, अंधार व्हायच्या आत घाट उतरायचा होता. वाटी संपली तशी उल्कानने हात पुढे केला. वाटीवर हात ठेवून तो सवयीने म्हणाला, "बास, वहिनी."

चाळीस वर्षांचा शब्द. तो तोंडातून गेला आणि साबीरला स्वतःलाच ऐकू आला. त्याने वाटीवर ठेवलेला हात काढला, पुन्हा ठेवला. उल्कानने किटली तशीच धरली होती. तो हात निघेपर्यंत थांबली, आणि मग त्याच्या वाटीत चहा ओतला, अगदी थोडा.

साबीरने त्या वाटीकडे पाहिलं. मग बूट काढून बाहेर ठेवले आणि आत येऊन बसला.